ओ न मिळालेल्या हाका

मी एक जुना दरवान आहे. पण मित्रांनो, मला बघायला येऊ नका, मी दिसणार नाही. मला टोपी नाही, काठी नाही, मिश्या तर नाहीतच. एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि फरशी पुसायच्या बादलीशेजारी एक संगणक घरघरत असतो. त्या संगणकाच्या एका दाराशी मी बसतो. जाणकार मला सॉकेट म्हणतात, त्यातही 'ऐकणारं सॉकेट'. सॉकेट म्हटलं की तुम्हाला भिंतीवरचं आठवेल, ज्यात प्लग खुपसतात. तो नुसता नावाचा भाऊबंद, बाकी आमची सोयरीक नाही. दुरून तारेवरून जे कुणी आमच्या संगणकाकडे येतं, त्याला उत्तर द्यायचं आणि रांगेत बसवायचं, एवढंच माझं काम.

मी स्वभावाने घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकतो. रांगेत दोघं झाले की माझ्या पोटात गोळा येतो. तारेत राहणाऱ्याला कसलं आलंय पोट, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. ज्याच्या दारात दिवसभर हाका येऊन पडतात त्यालाच ते ठाऊक.

आमचं कार्यालय म्हणजे एक मदत केंद्र. गावातली कितीतरी म्हातारी माणसं घरी एकटी-दुकटी राहतात. त्यांच्या भिंतीवर आमची एक पांढरी डबी असते. डबीला मोठं बटण आणि एक दिवा. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर बटण दाबायचं. डबी धावत माझ्याकडे येते. मग केंद्रातल्या ताई त्याच डबीतून बोलतात आणि मदत पाठवतात.

मला जन्माला घातलं ते एका तरुण इंजिनिअरने. त्याने आधी मला दाराचा नंबर दिला, मग 'ऐकत बस' म्हणाला, आणि शेवटी रांगेत किती जणांना बसवायचं तो आकडा लिहिला: हजार! गडी हौशी होता. पण संगणकात आमच्या सगळ्यांच्या वर एक घरमालक असतो, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात त्याला. त्याने तो आकडा पाहिला, कापून सव्वाशेच्या आसपास आणला आणि कुणाला चकार शब्दाने सांगितलं नाही. इंजिनिअर आपला समजून बसला की माझ्या दारात हजार जणांची सोय आहे. मी सांगणार कसं? मला ऐकायला ठेवलंय, बोलायला नाही.

आता माझं काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिथेच घडलं. डबी आली की आधी उंबऱ्यावरूनच विचारते, "आहे का कुणी?" मी म्हणतो, "आहे. तुम्हीही आहात ना?" ती म्हणते, "आहे." हे तीन बोल झाले की मी तिला आतल्या बाकावर बसवतो. बाकापलीकडे आणखी एक दार आहे. तिथे कारकून असतो. कारकून म्हणजे केंद्राचा प्रोग्राम. तो बाकावरून एकेकाला आत बोलावतो, त्याचा निरोप वाचतो आणि ताईंच्या पडद्यावर मांडतो. ताई "बोला" म्हणाल्या की खरी मदत सुरू.

म्हणजे बाकावर बसवतो तो मी, आणि आत घेतो तो कारकून. डबीला मात्र यातलं काही कळत नाही. माझं "आहे" ऐकलं की तिला वाटतं, झालं काम. ती आपला निरोपही लगेच माझ्या हातात देते. मी त्याची पोचही देतो. पण तो निरोप उघडून वाचायची मला परवानगी नाही. आणि इंजिनिअरने डबीचा हिरवा दिवा जोडला होता तो माझ्या "आहे"ला, ताईंच्या "बोला"ला नव्हे. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. कारकून इतका चटपटीत होता की बाकावर टेकायलाही कुणाला वेळ मिळायचा नाही.

पहिली वर्षं खरंच सुखाची गेली. ताई म्हणजे साखळीला अडकवलेला चष्मा आणि घोगरा आवाज. पण त्या आवाजाने भल्याभल्यांचा जीव भांड्यात पडायचा. एक आजोबा रोज सकाळी बटण दाबायचे. काही झालेलं नसायचं. "नाही, म्हटलं यंत्र चालतंय का बघावं." ताई म्हणायच्या, "यंत्र चालतंय हो. तुम्ही चालताय का रोज?" पलीकडून खोकत खोकत हसणं यायचं. केंद्राला बक्षीस मिळालं तेव्हा डबीचं कौतुक झालं, पडद्याचं झालं, इंजिनिअरच्या गळ्यात हार पडला. दरवानाचा सत्कार कोण करतो? मी म्हटलं, असू दे, रांग लागत नाही हेच आपलं बक्षीस.

माझ्यावर लक्ष ठेवायला इंजिनिअरने एक पहारेकरी नेमला होता. तोही एक छोटा प्रोग्रामच. तो मधूनमधून यायचा आणि विचारायचा, "आहेस का?" मी म्हणायचो, "आहे." की तो निघाला. भिंतीवरच्या पडद्यावर भलामोठा हिरवा ठिपका उमटायचा, म्हणजे केंद्र सुरळीत. आत डोकावून कारकुनाची विचारपूस त्याने जन्मात केली नाही. शिवाय उगाच बोंबाबोंब नको म्हणून इंजिनिअरने त्याला सांगून ठेवलं होतं, एक-दोनदा उत्तर नाही आलं तर मनावर घेऊ नकोस. मला हे ऐकूनच कसंतरी व्हायचं.

इंजिनिअरचे आईबाबा याच गावात, जुन्या वस्तीत राहायचे. त्यांच्या घरी डबी त्याने स्वतः बसवली. त्या दिवशी ताईंच्या टेबलावरून तो आईला फोनच्या स्पीकरवर समजावत होता, ते मला आमच्या मधल्या पार्टिशनमधून ऐकू आलं.

"आई, हिरवा लागला की समज, पोचलं. मग धावपळ करायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करायचं नाही. शांत बसून राहायचं."

"आणि नाही लागला तर?"

"लागतोच गं! मी केलंय ना."

मुलावर आईचा विश्वास असणारच. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

मग एकदा ताई म्हणाल्या, "पडद्यावर नुसते नंबर दिसतात रे. बोलतोय कोण त्याचा चेहरा दिसला तर बरं वाटेल." मागणी चांगलीच होती. इंजिनिअरने कारकुनाला नवीन काम लावलं: प्रत्येकाला आत घेतलं की शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकाकडून त्याचा फोटो मागवायचा, फोटो आला की मगच पुढच्याला बोलवायचं. फोटो चटकन यायचे. ताई खूश झाल्या. पण फोटो आलाच नाही तर किती वेळ थांबायचं, हे कारकुनाला कुणी शिकवलं नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही ते.

आणि एके दिवशी सकाळी जुन्या वस्तीची आणि आमच्या कार्यालयाची वीज एकदमच गेली.

मी बॅटरीवर होतो, म्हणून शाबूत राहिलो. फोटोवाला संगणक मात्र धाडकन बंद पडला. वीज परत आली तेव्हा तो उठला खरा, पण अर्धवट झोपेत. कारकुनाने त्याला हाक मारली. तिथल्या दरवानाने, माझ्याच जातभाईने, "आहे" म्हणून सांगितलं. कारकून खूश झाला आणि फोटोची वाट बघत बसला. फोटो येईना. नकारही येईना. कारकून आपला बसलेलाच.

इकडे वस्तीत वीज आल्यावर घरोघरच्या डब्या जाग्या झाल्या. वीज आली की प्रत्येक डबीने माझ्याकडे येऊन हजेरी लावायची असते. सगळ्या एकदमच निघाल्या. "आहे का कुणी?" "आहे का कुणी?" मी म्हणतोय, "आहे, आहे, बसा." बाक भरत चालला. मी कारकुनाच्या दाराकडे बघतोय. दार काही उघडेना. तो पहारेकरीसुद्धा येऊन "आहेस का?" विचारून गेला, आणि जाताना बाकावरची एक जागा अडवून गेला. कारकून आत बोलावून नाव काढेपर्यंत ती जागा रिकामी होत नाही, माणूस निघून गेला तरी. मी उरलेल्या जागा मोजत होतो.

बाकावर शेवटची एकच जागा उरली होती. तेवढ्यात एक डबी आली. पत्ता पाहिला तर इंजिनिअरच्या घरचा! मी चमकलो. या घराची डबी हजेरीसाठी मघाशीच येऊन बसली होती. हजेरी झाल्यावर डबी पुन्हा येते ती एकाच कारणाने. कुणीतरी बटण दाबलं होतं.

मी काय करणार, मित्रांनो? मला जे शिकवलंय तेच केलं. "आहे" म्हटलं. तिला शेवटच्या जागेवर बसवलं. तिने निरोप दिला, मी पोच दिली. तिकडे जुन्या वस्तीतल्या त्या घरात हिरवा दिवा लागला.

त्यानंतर आलेल्यांना बसवायला जागाच नव्हती. आणि बाक भरला की काय करायचं, याचा मला मिळालेला हुकूम विचित्र होता. हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही, गप्प बसायचं. त्या डब्या बिचाऱ्या थोडं थांबून पुन्हा दार वाजवत, मग आणखी थांबून पुन्हा. शेवटी कंटाळून घरी लाल दिवा लावत आणि कर्कश पिपाणी वाजवत.

पार्टिशनपलीकडे ताई म्हणत होत्या, "आज कसं शांत शांत आहे रे."

"वीज आत्ताच आली ना. सगळे पाणी भरत असतील," इंजिनिअर म्हणाला.

"माझं मन काही मानत नाही बघ. एकदा तपास ना."

"ताई, वर बघा की. हिरवं आहे सगळं!"

मला ओरडावंसं वाटत होतं. अरे बाबा, तुझी आई इथे रांगेत बसलीये! पण आवाज कुठून आणू? तिचा निरोप माझ्या हातात होता आणि तो मी उघडू शकत नव्हतो. असं वाटलं, तारेसकट जळून जावं.

त्या घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, इंजिनिअर ताईंना सांगत होता तेव्हा. बाबा न्हाणीघरात घसरून पडले होते. अंगावर पाणी, फरशी गार, आणि पाय हलवता येईना. आईने उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिने बटण दाबलं. हिरवा लागला. मग मुलाने सांगितलं होतं तशी ती स्टूल घेऊन दाराशी बसली, बाबांचा हात हातात धरून. "पोचलंय हं, येतीलच आता," असं दर थोड्या वेळाने सांगत राहिली. बाबांचे ओठ निळे पडायला लागले तरी ती उठली नाही. दिव्यावरची नजर तिने काढली नाही.

भिंतीला भिंत लागून एक शिंपीकाका राहायचे. तोंडाने तिखट माणूस. त्यांची डबी बाक भरल्यानंतर आली होती. म्हणून त्यांच्याकडे लाल दिवा आणि पिपाणी. वैतागून, गळ्यात टेप तसाच ठेवून ते शेजारी भांडायला आले.

"वहिनी, तुमच्या चिरंजीवांचं यंत्र मघापासून माझ्या घरात कोकलतंय! बंद तरी कसं..." आणि त्यांना न्हाणीघर दिसलं. "अहो! हे काय? मला हाक नाही का मारायची? भिंतीपलीकडे तर असतो मी!"

"हिरवा लागलाय ना, भावजी," आई म्हणाली. "तो म्हणालाय बसून राहा."

शिंपीकाकांनी बाबांना कोरड्यात ओढलं, घरातली दोन्ही पांघरुणं अंगावर टाकली आणि थेट इंजिनिअरला फोन लावला. मी ऐकत होतो. इंजिनिअर आधी म्हणाला, "शक्यच नाही काका, इथे काहीच आलेलं नाही." पलीकडचा आवाज पार्टिशन फोडून माझ्यापर्यंत आला, "आलं नाही? मग हा दिवा काय माझ्या लग्नासाठी लावलाय?"

ताईंनी पुढचं बोलणं ऐकलंच नाही. टेबलावरचा फोन उचलून त्यांनी रुग्णवाहिका पाठवली. इंजिनिअर धावत मागच्या खोलीत आला. त्याने रांग उघडून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाकाकडे कुणीतरी बघत होतं. शेवटच्या जागेवर त्याला आपल्या घरचा पत्ता दिसला. तो मटकन मोडक्या खुर्चीत बसला.

"ताई, आईची हाक इथेच आहे. इथेच बसून आहे."

"आणि बाकीच्या?" ताईंनी विचारलं.

बाकीच्यांत हजेरी कुठली आणि खरी हाक कुठली, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. निरोप वाचल्याशिवाय कळणार कसं? इंजिनिअर म्हणाला, "जरा वेळ द्या. तो फोटोवाला दुरुस्त करतो. मग सगळे आपोआप आत येतील. एकही हाक वाया जाणार नाही."

"आणि तोवर ती सगळी माणसं हिरव्याकडे बघत बसणार, तुझ्या आईसारखी. बंद कर ते."

"बंद केलं तर रांगच पुसली जाईल, ताई! सगळ्यांच्या हाका जातील!"

"जाऊ देत. दिवे लाल होऊ देत. लाल दिसलं की माणूस शेजारी तरी धावतं."

त्याने बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. बंद करायचं म्हणजे मलाही संपवायचं होतं. प्रोग्राम मेला की मी मरतो, पुन्हा सुरू झाला की त्याच दाराशी पुन्हा जन्मतो. एरवी त्या क्षणाची मला फार धास्ती वाटायची. त्या दिवशी मात्र मनातल्या मनात विनवत होतो, दाब रे बाळा, दाब लवकर.

त्याने दाबलं. बाकावरच्या एकेकाचा धागा तुटला. जुन्या वस्तीत गल्लोगल्ली पिपाण्या वाजल्या.

त्या रांगेत आणखी एक खरी हाक होती. एका आजींना श्वासासाठी यंत्र लागायचं आणि वीज आल्यावर ते सुरूच झालं नव्हतं. त्यांनी केव्हाच बटण दाबलं होतं. त्यांच्याही घरी हिरवाच दिवा होता, आणि त्यांची सून "येताहेत, येताहेत" म्हणून पाठ चोळत बसली होती. लाल झाल्याबरोबर ती ओरडत गल्लीत धावली. समोरचा वायरमन जेवण टाकून आला आणि त्याने यंत्र दुसऱ्या जोडणीवर लावलं. आजी वाचल्या. आणखी थोडा वेळ दिवा हिरवा राहता, तर काय झालं असतं ते मला बोलवत नाही.

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. बरेच दिवस इस्पितळात काढून ते घरी आले, आता वॉकर धरून चालतात. गार फरशीवर इतका वेळ पडायला नको होतं, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर केंद्राच्या साहेबांनी बैठक घेतली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं, "जागा कमी पडली ना? मग रांग वाढवा!" घरमालकाने आकडा कापल्याचं इंजिनिअरला एव्हाना कळलेलं होतं. तो म्हणाला, "साहेब, बरं झालं कापला. खरंच हजार जागा असत्या तर शिंपीकाकांचा दिवाही हिरवाच लागला असता, आणि तेही घरी शांत बसून राहिले असते."

आता माझा बाक लहान केलाय. भरला की मी तोंडावर "नाही" म्हणून सांगतो. वाईट वाटतं, पण सांगतो. कारकुनाला थोडाच वेळ थांबायला शिकवलंय, फोटो आला तर आला, नाही तर बिनचेहऱ्याचं पुढे. पहारेकरी आता आत जाऊन कारकुनाशी बोलूनच परत येतो. आणि हिरवा दिवा माझ्याकडून काढून घेतला. ताईंचा किंवा दुसऱ्या कुणाचा आवाज घरात पोचला, तरच तो लागतो. मला त्याचा जराही राग नाही. तो माझा नव्हताच कधी.

हे सगळं झाल्यावर इंजिनिअरने आईला बटण दाबून बघायला सांगितलं. ताईंच्या खुर्चीत तो स्वतः बसला.

"बोल आई."

"आत्ता लागला बघ हिरवा. तू बोलल्यावर."

"हो. आता तसंच केलंय. माणसाचा आवाज आला तरच पोचलं समजायचं. नाहीतर सरळ काकांना हाक मारायची."

"बरं." मग म्हणाली, "रोज दाबून बघू का रे?"

"रोज कशाला? चालतंय ते."

"नाही, तुझा आवाज येतो ना, म्हणून विचारलं."

ताई चष्मा पुसत खिडकीकडे बघत राहिल्या. इंजिनिअर म्हणाला, "दाब. रोज दाब."

मित्रांनो, मी अजूनही घाबरटच आहे. पण कशाला घाबरायचं, ते आता मला नीट कळलंय. "नाही" म्हणायला मी घाबरत नाही. घाबरतो तो फुकटच्या "हो"ला. तुमच्या घरात कुणी हाक मारली की तुम्ही हातातल्या फोनवरून मान न उचलता "हो, आलोच" म्हणता ना? ते हाक मारणारं माणूस तुमच्या त्या "हो"वर विसंबतं आणि थांबून राहतं. दुसऱ्या कुणाला बोलवत नाही. जमणार नसेल तर "नाही जमत" म्हणून स्पष्ट सांगा. राग येईल, पण ते माणूस शेजारी तरी जाईल. आणि "हो" म्हणालात, तर मात्र उठा आणि जा. एवढी विनवणी या म्हाताऱ्या दरवानाची.